मोठ्या बाईंच्या खुर्चीतलं पहिलं वर्ष

पत्र:

“मी वीसेक वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. ते मला चांगलं येतं, एवढं मी निश्चित सांगू शकते. या वर्षी संस्थेने मला मुख्याध्यापिका केलं. ज्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं वह्या तपासल्या, ते आता मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं आवरतं घेतात. रोज दोनदा मी सगळ्या वर्गांवरून फेरी मारते, तरी दिवसाच्या शेवटी आज नक्की काय केलं ते सांगता येत नाही. मागच्या महिन्यात कळलं, की एका वर्गाला बीजगणिताचं एक अख्खं प्रकरण शिकवायचंच राहून गेलंय. तीन शिक्षकांना ते माहीत होतं. मला कुणीच सांगितलं नाही. संस्थेने मला एका बिझनेस स्कूलच्या तीन दिवसांच्या नेतृत्व-शिबिराला पाठवलं. व्हिजन, ट्रान्सफॉर्मेशन, परफॉर्मन्स अशा शब्दांनी भरलेली जाडजूड फाइल घेऊन मी परतले. आता अध्यक्षांचं म्हणणं आहे, की वर्गाच्या निकालावरून प्रत्येक शिक्षकाला गुण द्यावेत, यादी स्टाफरूममध्ये लावावी आणि पहिल्या तिघांना बक्षीस द्यावं. ‘सगळ्या चांगल्या कंपन्यांत असंच चालतं,’ असं ते सांगतात. कंपन्यांसाठी तयार झालेलं हे शास्त्र शाळेला लागू पडतं का? आणि मी चुकीच्या खुर्चीत बसले आहे का?”

उत्तर:

बाई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझं लक्ष अडकलं ते तुम्ही ओघात सांगितलेल्या गोष्टीवर. तिघांना माहीत होतं आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर बाब मला हीच वाटते. बक्षिसांची यादी थांबवता येईल, फाइल कपाटात ठेवता येईल. पण शाळेतली वाईट बातमी तुमच्या टेबलापर्यंत पोचत नसेल, तर बाकी काहीही केलंत तरी ते अर्ध्या माहितीवर केलेलं असेल.

याच गोष्टीवर बिझनेस स्कूलमधल्या एका संशोधिकेने आयुष्यभर काम केलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन विद्यार्थिदशेत रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चुकीचं औषध, चुकीची मात्रा, चुकलेली वेळ अशा नोंदी त्यांच्यासमोर होत्या. ज्या विभागांतली माणसं एकमेकांना धरून नीट काम करतात तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या म्हणून गणल्या गेलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. मग प्रत्येक विभागात प्रत्यक्ष काय चालतं ते पाहण्यासाठी एक निरीक्षक पाठवला गेला. आधीचे निष्कर्ष त्याला सांगितले नव्हते. त्याच्या निरीक्षणांतून कोडं सुटत गेलं: काही विभागांत परिचारिका चूक झाली की मोकळेपणाने बोलत, पुढे काय करायचं ते ठरवत, काही विभागांत चूक सांगणाऱ्याची खरडपट्टी निघे, म्हणून चुका दडवल्या जात. कागदावर कमी दिसणाऱ्या चुकांचा अर्थ कमी चुका असा नव्हता. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांवर त्यांनी पुढचा अभ्यास केला. जिथे माणसाला प्रश्न विचारायची, चूक कबूल करायची, मदत मागायची भीती वाटत नाही, तिथे गट अधिक शिकतो आणि म्हणून कामही चांगलं करतो, असं त्यात दिसलं. या वातावरणाला त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं.

आता तुमच्या तीन शिक्षकांचा विचार करा. ते बेजबाबदार आहेत असं मी धरून चालणार नाही, आणि तुम्हीही धरू नका. प्रत्येकाने मनात एक हिशेब केला असणार: सांगितलं तर माझं काय होईल, ज्याचं प्रकरण राहिलं त्याचं काय होईल, आणि सांगून उपयोग काय होईल. तिन्ही उत्तरं नकारार्थी आली, म्हणून ते गप्प बसले. हा हिशेब त्यांनी तुमच्या स्वभावावरून केला असेल असंही नाही. आधीच्या मुख्याध्यापकांचा अनुभव, अध्यक्षांबद्दलची भीती, कधीतरी कुणाला भर बैठकीत ऐकून घ्यावं लागलेलं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. खुर्चीवर बसणारी व्यक्ती बदलली, तरी खुर्चीबद्दलचा अनुभव माणसं विसरत नाहीत.

तेव्हा त्या तिघांना एकेकटं भेटा, तुमच्या खोलीत न बोलावता त्यांच्या वर्गात जाऊन. “मला का सांगितलं नाही?” असं विचारू नका. त्या प्रश्नाला फक्त सबबीच मिळतात. “हे माझ्यापर्यंत लवकर यायला हवं होतं. ते येण्यात काय आड आलं?” असं विचारा आणि मग गप्प राहा. उत्तर तुमच्याबद्दल असेल तर खुलासा करू नका, त्या दिवशी तरी. फक्त लिहून घ्या. ज्या शिक्षकाचं प्रकरण राहिलं त्याच्याशी वेगळं बोला आणि बोलणं पुढच्या आठवड्यांवर न्या: कोणते तास मिळतील, कोण मदत करेल, मुलांना किती येतंय हे कशावरून कळेल. गणित तुमचाच विषय आहे. त्यातले दोन तास तुम्ही स्वतः घेतलेत तर उत्तम.

यानंतर जो पहिला माणूस आपणहून तुमच्याकडे काही अडचण घेऊन येईल, त्याच्याशी तुम्ही कसं वागता याकडे अख्ख्या स्टाफरूमचं लक्ष असेल. मानसिक सुरक्षिततेवर तुम्ही भाषण केलंत तर कुणाला ते आठवणारही नाही. पण “सांगितलंत ते बरं झालं, आता बघू कसं करायचं ते,” हे वाक्य आणि त्यानंतर खरोखर झालेली हालचाल दोन दिवसांत सगळ्यांना कळते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण शिबिरांत तो फार पसरतो. मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणं किंवा अपेक्षा खाली आणणं असं नाही. एडमंडसन स्वतः हे पुन्हापुन्हा सांगत आल्या आहेत. प्रकरण शिकवायचं राहणं ही गंभीर गोष्ट आहे आणि ती गंभीर आहे असंच तुम्ही म्हणायला हवं. मुलांच्या वाट्याचं शिकणं बुडता कामा नये, यावर ठाम राहा. चूक सांगणाऱ्याला मात्र शिक्षा होऊ देऊ नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी चुकीच्या खुर्चीत बसले आहे का?

उत्तम काम करणाऱ्याला वरची जागा द्यायची, ही जगभरातली रीत आहे आणि तिच्यातला धोका संशोधनाने दाखवून दिला आहे. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तिघांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभरहून जास्त अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ज्यांची विक्री सर्वाधिक, त्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती. पण व्यवस्थापक झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तुलनेने घसरत होती. हे वाचून तुम्ही स्वतःवर शिक्का मारून घ्याल, अशी मला भीती वाटते. तसं करू नका. याच अभ्यासातली कमी चर्चिली गेलेली बाब अशी, की जे आधीपासून इतरांबरोबर मिळून विक्री करत होते, त्यांचा पुढे व्यवस्थापक म्हणून चांगले ठरण्याकडे कल होता. तेव्हा गणित किती चांगलं शिकवता यापेक्षा वेगळा प्रश्न स्वतःला विचारा. या वीस वर्षांत एखाद्या नव्या शिक्षकाला तुम्ही शेजारी बसवून काही शिकवलंत का? दुसऱ्याचा तास चांगला झाला म्हणून तुम्हाला मनापासून आनंद झाला का? उत्तर हो असेल, तर या खुर्चीला लागणारं बरंचसं तुमच्याकडे आधीच आहे.

आणि पहिलं वर्ष असंच जातं. हार्वर्डच्याच लिंडा हिल यांनी नव्याने व्यवस्थापक झालेल्या १९ जणांचा त्यांच्या पहिल्या वर्षभर पाठपुरावा केला. ते सगळे आपापल्या कामात चमकलेले होते. बहुतेकांना वाटत होतं, की अधिकार मिळाला म्हणजे माणसं ऐकतील. प्रत्यक्षात खुर्चीवर बसल्यावर त्यांना कळलं, की आता आपण पूर्वीपेक्षा जास्त लोकांवर अवलंबून आहोत: वरच्यांवर, खालच्यांवर, शेजारच्यांवर. पूर्वी स्वतःच्या हाताने केलेलं काम संध्याकाळी डोळ्यांना दिसायचं, आता ते दुसऱ्यांच्या हातून होतं आणि दिसत नाही. “आज नक्की काय केलं ते सांगता येत नाही,” हे तुमचं वाक्य त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडी शोभलं असतं. स्वतःची नवी ओळख घडायला त्यांना महिनोन्‌महिने लागले. तुमच्यात काहीतरी कमी आहे असं या चाचपडण्यावरून ठरवू नका. कामच बदललं आहे.

स्टाफरूममध्ये बोलणं आवरतं घेतलं जातं, त्याचं दुःख मला कळतं. ती जुनी बैठक तशीच परत येणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. ज्यांच्या कामाचं मूल्यमापन तुम्ही करणार, ज्यांच्या रजेवर तुमची सही लागणार, त्यांनी तुमच्यासमोर तुमच्याबद्दलही मनमोकळं बोलावं ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. त्यांना त्यांची खोली असू द्या. तुम्हाला मन मोकळं करायला दुसऱ्या शाळेतली एखादी मुख्याध्यापिका शोधा. त्याबद्दल पुढे बोलते.

आधी तुमच्या फेऱ्या. इथे मला बिझनेस स्कूलच्या बाहेर जावं लागेल, कारण सगळ्यात नेमका अभ्यास शिक्षणातल्या संशोधकांचा आहे. जेसन ग्रिसम, सुझॅना लोब आणि बेंजामिन मास्टर यांनी अमेरिकेतल्या मायामी-डेड या मोठ्या शालेय जिल्ह्यात निरीक्षक पाठवले. ते मुख्याध्यापकांच्या मागे दिवसभर राहून काय चाललंय याची नोंद करत. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुख्याध्यापकांचा सरासरी १२.७ टक्के वेळच शिकवण्याशी संबंधित कामांत जात होता, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा होता वर्गांवरून मारलेल्या छोट्या फेऱ्यांचा. ज्या शाळांत शिक्षकांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात आणि अभ्यासक्रम सुधारण्यात मुख्याध्यापक जास्त वेळ देत होते, तिथे मुलांची प्रगती जास्त दिसली. फेऱ्यांचं मात्र उलटं होतं. जिथे फेऱ्या जास्त, तिथे मुलांची प्रगती कमी दिसत होती, विशेषतः वरच्या वर्गांच्या शाळांत. फेऱ्यांमुळेच मुलं मागे पडली असं यावरून सिद्ध होत नाही. आधीच अडचणीत असलेल्या शाळेत मुख्याध्यापक जास्त फिरत असेल, हेही शक्य आहे. पण संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. जिथे मुख्याध्यापकांच्याच सांगण्यानुसार शिक्षकांना या फेऱ्या आपल्या सुधारणेसाठी आहेत असं वाटत नव्हतं, तिथे चित्र जास्त वाईट होतं.

दारात उभं राहून दोन मिनिटं पाहिलं, तर वर्ग शांत आहे की नाही एवढंच कळतं. तुमच्याच शाळेत पाहा: रोज दोन फेऱ्या होत होत्या आणि तरी बीजगणिताचं अख्खं प्रकरण निसटलं. फेऱ्या बंद करा असं मी म्हणत नाही. मुलांना मोठ्या बाई रोज दिसाव्यात, याला अर्थ आहे. पण दोनऐवजी एक फेरी मारा आणि वाचलेल्या वेळात आठवड्याला तीन वेगवेगळ्या शिक्षकांच्या वर्गात पूर्ण तास बसा. आधी सांगून जा. मागच्या बाकावर बसा, मुलांच्या वह्या बघा, एखाद्या मुलाला हळूच विचारा की हे तू काय करतोयस. त्याच दिवशी त्या शिक्षकाशी दहा मिनिटं बोला आणि एकाच गोष्टीवर बोला. सहा सूचना दिल्यात तर त्यांना एकही लक्षात राहणार नाही.

ऑकलंड विद्यापीठाच्या विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली शालेय नेतृत्वाच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. तुमच्या फाइलीत ज्याचा इतका गजर आहे त्या ट्रान्सफॉर्मेशनल नेतृत्वाचा, म्हणजे प्रेरणा आणि दूरदृष्टी देणाऱ्या नेतृत्वाचा, मुलांच्या शिकण्यावर दिसलेला परिणाम तुलनेने लहान होता. अध्यापनाकडे लक्ष देणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम त्याच्या तिप्पट-चौपट निघाला. मुख्याध्यापकाच्या वेगवेगळ्या कामांपैकी सगळ्यात वरचढ ठरलं ते शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होणं. शिक्षकांसाठी प्रशिक्षण लावून स्वतः कार्यालयात जाऊन बसणारा मुख्याध्यापक आणि त्यांच्याबरोबर बाकावर बसून “हे मलाही नीट समजलेलं नाही, पुन्हा सांगा” म्हणणारा मुख्याध्यापक, यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुम्ही उत्तम शिक्षिका आहात. तुमची ही ताकद नव्या पदावर निरुपयोगी झालेली नाही, उलट तिची खरी गरज आता आहे.

दिवसाचे तुकडे होतात त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मॅकगिल विद्यापीठाच्या हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच मोठ्या संस्थांच्या प्रमुखांना आठवडाभर जवळून पाहिलं. त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपणारी होती. शांत बसून योजना आखणारा प्रमुख त्यांना कुठेच सापडला नाही. व्यत्यय राहणारच. त्यातून आठवड्याचे ते तीन पूर्ण तास मात्र वेळापत्रकात छापून घ्या, कारकुनांना आणि शिपायांना सांगून ठेवा, आणि पालक दारात आले तरी ते मोडू नका.

अध्यक्षांच्या यादीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती लागली तर वर सांगितलेलं काहीच टिकणार नाही.

“चांगल्या कंपन्यांत असंच चालतं” हे त्यांचं म्हणणं व्यवस्थापनाच्या संशोधनाला धरून नाही. स्टीव्हन केर यांनी १९७५ सालीच एका गाजलेल्या लेखात दाखवलं, की संस्था अपेक्षा एकाची ठेवतात आणि बक्षीस दुसऱ्यालाच देतात, आणि मग माणसं बक्षीस मिळणारं तेवढं करतात. तुम्हाला हवंय मुलांनी शिकणं, बक्षीस मिळणार निकालाला. कच्च्या मुलाला वर्गात घ्यायला कोण तयार होईल? आपली चांगली कार्यपत्रिका शेजारच्या तुकडीच्या शिक्षकाला कोण देईल? आणि प्रकरण राहिलंय हे कोण सांगेल? आज तीन जण गप्प बसले, यादी लागल्यावर तीस जण बसतील.

दुसरा पुरावा अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांचा. १९९६ साली त्यांनी माणसांना कामगिरीबद्दल अभिप्राय दिल्याने काय होतं, यावरच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी पाहिली तर अभिप्रायाने कामगिरी सुधारते. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ती घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अभिप्रायाने माणसाचं लक्ष कामावर राहिलं तर फायदा होतो, आणि ते “मी कसा आहे, इतरांच्या तुलनेत कुठे आहे” याकडे वळलं की फायदा आटतो. भिंतीवर लावलेली क्रमवार यादी माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडेच वळवते. त्यात भर म्हणजे एका वर्गाचा एका वर्षाचा निकाल इतक्या गोष्टींवर हलतो, की यंदाचा पहिला पुढच्या वर्षी सातवा आला तर त्यात शिक्षकाचा हात किती आणि योगायोगाचा किती, ते कुणालाच सांगता येणार नाही.

पण अध्यक्षांकडे नुसता नकार घेऊन जाऊ नका. त्यांना शाळेचं मोजमाप हवंय, आणि तो आग्रह योग्य आहे. निकोलस ब्लूम, रेनाटा लेमोस, रफाएला सादून आणि जॉन व्हॅन रीनन यांनी आठ देशांतल्या १,८०० हून अधिक माध्यमिक शाळांचं व्यवस्थापन कसं चालतं ते तपासलं. भारतही त्यात होता. २०१५ साली त्यांनी लिहिलं, की ज्या शाळांचं व्यवस्थापन चांगलं, तिथे मुलांचे निकालही चांगले असतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला यातूनच मिळतं. हे शास्त्र शाळेला लागू पडतं, पण त्यातला जो भाग लागू पडतो तो फाइलीत ठळक अक्षरांत छापलेला नसतो. तो अगदी साधा असतो: मुलं कुठे अडली आहेत याची नियमित नोंद होते का, ती नोंद कुणी वाचतं का, त्यावर चर्चा होते का, चर्चेत ठरलेलं कुणी करायचं हे लिहिलं जातं का आणि ते झालं का हे पुन्हा पाहिलं जातं का.

याच संशोधकांपैकी ब्लूम यांनी इतर सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला होता. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागारांची फुकट मदत दिली आणि इतरांशी तुलना केली. सल्लागारांनी शिकवलं ते साधंच होतं: यंत्र बंद पडलं की नोंद करा, कापडातल्या दोषांची रोज नोंद करा, सुताचा साठा नीट लावून ठेवा, या नोंदींवर रोज बसून बोला. पहिल्या वर्षात त्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नोंद दोषाची होती आणि तिच्यावरून पुढचं काम ठरत होतं, इकडे अध्यक्षांचं लक्ष आवर्जून वेधा.

तेव्हा त्यांच्यापुढे ठेवा ती तुमची स्वतःची योजना. दर पंधरवड्याला प्रत्येक विषयाचे शिक्षक एकत्र बसतील. समोर एकच पान: या पंधरवड्यात काय शिकवून व्हायला हवं होतं, काय झालं, कोणती मुलं कशात अडली, पुढच्या बैठकीपर्यंत कोण काय करणार. पानावर शिक्षकाच्या नावापुढे गुण नाहीत. अध्यक्षांना दर सत्राअखेर या पानांवरून तयार केलेला अहवाल मिळेल, आणि बक्षिसाची रक्कम त्यांना खर्चच करायची असेल तर शिक्षक मागतील त्या साधनांवर करावी. ही योजना एक वर्ष चालू द्या, मग यादीचं बघू, असा करार करा. माझा अंदाज आहे, की ते मान्य करतील; ज्यांना मोजमाप हवं असतं त्यांना बहुतेक वेळा आपण डोळे मिटून बसलेलो नाही, एवढी खात्री हवी असते.

त्या पंधरवड्याच्या बैठकीत एक प्रश्न माझ्याकडूनही घाला: “या दिवसांत तुमचं काम कशामुळे अडलं?” हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांकडून रोज छोटी डायरी लिहून घेतली. जवळपास १२,००० नोंदी जमल्या. ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात थोडी तरी प्रगती झाली, तो दिवस माणसांना चांगला वाटत होता. कौतुक किंवा बक्षीस यांपेक्षा ही गोष्ट वरचढ होती. बिघडलेला प्रोजेक्टर, दोनदा भरावा लागणारा तोच तक्ता, सलग पाच तासांचं वेळापत्रक, हे तुम्ही दूर करू शकता. यातली निम्मी कामं तुमच्या एका सहीने होतील.

राहिली ती फाइल. तिच्यातलं सगळं टाकाऊ नाही, पण यशस्वी कंपन्यांच्या कथा जपून वाचा. २००१ सालच्या एका अतिशय खपलेल्या पुस्तकात ११ थोर कंपन्या निवडून त्यांच्या यशाची सूत्रं मांडली होती. त्यांतली इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणारी सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गृहकर्जांच्या क्षेत्रातली फॅनी मे त्याच वर्षी अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. आधी विजेते निवडून मग त्यांच्यात गुण शोधले, की प्रत्येक सवय गुणच वाटू लागते. संशोधनही डोळे झाकून घेण्यासारखं नसतं. फॉर्मच्या सुरुवातीला सही घेतली तर लोक जास्त प्रामाणिक माहिती देतात, असं सांगणारा २०१२ सालचा एक बहुचर्चित निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातली माहिती बनावट निघाली. म्हणून कुठलंही सूत्र आधी एका वर्गावर, एका विषयावर करून पाहा. गणिताच्या बाई आहात, पडताळा घेणं तुमच्या अंगवळणी आहेच.

आणि संस्थेने पुढच्या शिबिराला पाठवायचं ठरवलं, तर नम्रपणे वेगळं काही मागा. नेतृत्व-प्रशिक्षणाच्या ३३५ नमुन्यांचं एकत्रित विश्लेषण २०१७ साली ख्रिस्तीना लासेरेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. प्रशिक्षण उपयोगी पडतं, पण गरज आधी तपासून, सराव आणि अभिप्राय देत, अंतरा-अंतराने भरवलेली सत्रं जास्त परिणाम करतात. सलग तीन दिवस ऐकून घेण्यापेक्षा महिन्यातून एक दिवस बरा. तुमच्या संस्थेबाहेरची, दहा-बारा वर्षं हे काम केलेली एखादी मुख्याध्यापिका शोधा. महिन्यातून एकदा तिने तुमच्या शाळेत यावं, तुमच्याबरोबर एका तासाला बसावं, शिक्षकाशी तुम्ही केलेलं बोलणं ऐकावं आणि नंतर ते कसं झालं ते सांगावं. संस्थेला याचा खर्च शिबिरापेक्षा जास्त पडणार नाही. शिवाय स्टाफरूममध्ये आता जे बोलता येत नाही ते बोलायला तुम्हाला एक माणूस मिळेल.

खुर्ची सोडायची की नाही, ते या वर्षी ठरवू नका. पुढच्या वर्षी याच सुमाराला पाहा: वाईट बातम्या तुमच्याकडे लवकर येऊ लागल्या का, पूर्ण तास बसणं टिकलं का, आणि वर्गात परत जायची ओढ तेव्हाही इतकीच तीव्र आहे का. ओढ तशीच राहिली आणि या कामात मन रमलं नाही, तर परत शिकवायला जाणं हा अत्यंत सन्मानाचा निर्णय असेल, आणि तो मी तितक्याच आनंदाने उचलून धरीन.

अध्यक्षांची भेट कधी आहे ते कळवा. त्याआधी ते एक पान बीजगणितासाठी भरून पाहा, त्या राहिलेल्या प्रकरणापासूनच, आणि त्या तीन शिक्षकांना सोबत घेऊन.